नॉर्डलचं दुसरं मत

नोव्हेंबरात बर्फ पहिल्यांदा नीट बसला की मी आर्लिसकडे लेफ्सा लाटायला जाते. बटाट्याची ही पातळ पोळी लाटणं परदेशातून आलेल्या हाताला जमायचं नाही, अशी गावातल्या बायकांची खात्री होती. पण माझा हात पोळपाटावरच वाढलेला. पहिल्याच वर्षी माझी पोळी लांब काठीवर न फाटता उचलली गेली, तेव्हा आर्लिस म्हणाली होती, "डॉक्टरला सांग, ही आता आमची. परत मिळणार नाही." डॉक्टर म्हणजे माझा नवरा. ते गुरांचे डॉक्टर, आणि आम्ही राहतो त्या नॉर्डल गावात माणसांपेक्षा गुरं जास्त. त्यामुळे बावीस वर्षं सगळ्यांचंच आमच्यावाचून अडत आलंय.

त्या शुक्रवारी सकाळी मी लाटत होते, ती भाजत होती. मागच्या वर्षीपर्यंत तिसरा माणूस असायचा. ऑर्विन, तिचा नवरा, टेबलाच्या टोकाला बसून गरम पोळीवर लोणी आणि साखर घालून घड्या घालायचा, आणि तिनातली एक खायचा. ऑक्टोबरात तो गेला. त्याची खुर्ची आर्लिसने हलवली नव्हती, पण तिच्यावर पिठाची पिशवी ठेवली होती.

खिडकीतून रस्ता दिसत होता. डेल्मर हॉगनचा ट्रॅक्टर पुढे पातं लावून बर्फ सारत येत होता. एकेका घरापुढे वळायचा, गाडीची वाट मोकळी करायचा, पुढे सरकायचा. आर्लिसच्या घरापाशी आल्यावर पातं वर उचललं गेलं. ट्रॅक्टर तसाच पुढे गेला, आणि पलीकडच्या घरापुढे पातं पुन्हा खाली आलं.

मी आर्लिसकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस, पोळीकडे बघ," ती म्हणाली. "फाटली."

तेवढ्यात दार वाजलं.

आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही. ढकलून आत येतात, 'आहे का कुणी' म्हणत बूट काढायला लागतात. वाजवतो तो सरकारी माणूस. आर्लिसने हात पुसले आणि स्वतः जाऊन उघडलं. दारात ब्रेंट ओल्नेस उभा होता. वय पस्तिशीचं, जिल्ह्याच्या निवडणुकीचं सगळं काम त्याच्याकडे. गाडी रस्त्यावरच सोडून तो गुडघाभर बर्फातून चालत आला होता. लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत तो आर्लिसच्या हाताखाली होता, त्यामुळे अजूनही तिच्यासमोर आला की टोपी हातात घेतो.

"मिसेस ट्वेट, आत येऊ का? जरा कामाचं बोलायचं होतं."

"ये. बूट काढ. आणि मोजे ओले असतील तर तेही काढ. ऑर्विनचे देते."

"मोजे राहू द्या हो."

"कामाचं बोलणं ओल्या मोज्यांनी होत नाही," असं म्हणून ती आतून लोकरीचे मोजे घेऊन आली. तो निमूटपणे घालायला बसला. मी उठू लागले, तर ती म्हणाली, "तू बस. कणीक सुकेल."

ब्रेंट कशासाठी आला होता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण ते कळायला आधी या घराची आणि गावाची गोष्ट सांगायला हवी.

इथे पक्षांना रंगांनी ओळखतात. नॉर्डल लाल. आसपासची गावंही लाल. आर्लिस आणि ऑर्विन निळे. तेही कधी बंड म्हणून नव्हे. ऑर्विनच्या बापाच्या काळात अर्धं गाव निळं होतं. शेतांवर विजेच्या तारा आल्या, शेतकऱ्यांनी एकत्र येऊन धान्याचं कोठार बांधलं, तो सगळा निळ्यांचा काळ. पुढे म्हातारे गेले, पोरं शहरात गेली, राहिले ते हळूहळू बदलले. कुणी एका बैठकीत ठरवलं नाही. एकेका निवडणुकीला चार-पाच मतं कमी होत गेली, आणि वीसेक वर्षांपूर्वी एकदा आकडा दोनवर आला, तो तिथेच थांबला. "आम्ही कुठे गेलो नाही," ऑर्विन म्हणायचा, "गावच आमच्या अंगावरून पलीकडे गेलं. दमलं असेल तेव्हा परत येईल."

गावाने त्या दोघांना चिडवलं पुष्कळ, टाकलं कधी नाही. डेल्मर हॉगन कोठार चालवतो. तो आणि ऑर्विन पहिलीपासून एका बाकावरचे. ऑर्विन कोठारावर गहू घेऊन आला की डेल्मर ओरडायचा, "बाजूला व्हा रे, निळ्यांचा मोर्चा आला!" ऑर्विन एकटाच ट्रकमधून उतरून गर्दीला हात हलवायचा. गुरुवारी दुपारी दोघं याच टेबलावर पत्ते खेळायचे.

आणि मतदानाच्या दिवशी आर्लिसशिवाय गावाचं चालतच नसे. मतदानकेंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं बसवावीच लागतात. लालांचे कितीही मिळायचे. निळ्यांकडून बसायला तयार ती एकटीच. एकतीस वर्षं गावच्या हॉलमध्ये त्या लांब टेबलाच्या डाव्या टोकाला आर्लिस बसत आली. सही घ्यायची, मतपत्रिका द्यायची. रात्री आठला दार बंद झालं की मतमोजणीच्या यंत्रातून लांबलचक चिठ्ठी बाहेर येते, ती मोठ्याने वाचून हॉलच्या दारावर चिकटवायचा मानही तिचा. कारण तिचा आवाज खणखणीत, आणि हरणाऱ्यानेच वाचलं म्हणजे भांडण नाही, असं डेल्मरचं म्हणणं.

तिने "दोन" म्हटलं की हॉल हसायचा. मग कॅफेवाली लव्हॉन पुठ्ठ्याचा डबा उघडायची. त्यात निळ्या साखरेचा लेप दिलेले दोन डोनट असायचे. एक आर्लिसला, एक ऑर्विनला. बाकी सगळ्यांना साधे. ऑर्विन निळ्या ओठांनी सगळ्यांशी हात मिळवत फिरायचा. बाहेरच्यांना हे पोरकट वाटेल. मला तर पहिल्या वर्षी रडू आलं होतं. असं हरवणं आणि असं हरणं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

मधे एकदा, आठ वर्षांपूर्वी, आकडा तीन निघाला होता. त्याकडे मी येतेच.

या वर्षी ऑर्विनची छाती उन्हाळ्यापासूनच भरलेली. सप्टेंबरात आर्लिसने त्याच्यासाठी टपालाने मतपत्रिका मागवली. ती आली त्या गुरुवारी डेल्मर पत्ते खेळायला बसलेला होता. लिफाफा टेबलावर पडलेला. ऑर्विन त्याच्यावर बोट वाजवत म्हणाला, "बघ, या वेळी तुला घरात बसून हरवतो."

"खाटेवरून उठता येत नाही आणि हरवतोय," डेल्मर म्हणाला.

"मग उठून हॉलमध्ये येतो. तुझं तोंड बघायला मिळेल."

त्यानंतर बारा दिवसांनी तो गेला. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत डेल्मर पुढे होता. त्याचा खांदा दुखतो, तरी त्याने जागा सोडली नाही.

मतदानाच्या दिवशी लव्हॉन सकाळीच माझ्याजवळ आली होती. "एकच केलाय गं," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरा करायला हात धजेना. एकच बरा दिसेल ना? का नकोच आणू?"

"आण," मी म्हटलं. "तिला बरं वाटेल."

संध्याकाळी पस्तीसेक माणसं हॉलमध्ये थांबली. टपालाने आलेली मतं जिल्ह्याच्या कचेरीतच नावाचे लिफाफे काढून, नुसता गठ्ठा करून आणतात आणि इथल्या यंत्रात घालतात. म्हणजे गावाचा सगळा आकडा एकाच चिठ्ठीवर. आर्लिसने चष्मा लावला. लालांचा आकडा वाचला, एकशे एकोणीस. मग खालची ओळ. चिठ्ठी तिने जरा लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"दोन," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. लव्हॉनच्या मांडीवर डबा होता, तिने झाकणावर दोन्ही हात ठेवले. डेल्मर भिंतीला टेकून उभा होता. तो सरळ झाला, टोपी घातली आणि बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशीपर्यंत गावाचा हिशेब झाला होता. दोन म्हणजे आर्लिस आणि ऑर्विन, ऑर्विन मेलेला, मतपत्रिका घरात आलेली, डेल्मरने डोळ्यांनी पाहिलेली. तेव्हा भरली कुणी? दुसरं काही असू शकेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. वीस वर्षं दोनचा अर्थ एकच होता.

कॅफेत मी कॉफीला गेले तेव्हा डेल्मर म्हणत होता, "मतासाठी नाही रे वाईट वाटत. एकशे एकोणीसला एक काय नि दोन काय. पण मेलेल्या माणसाला रांगेत उभं केलं तिने. माझ्या ऑर्विनला. तो जन्मात खोटा पत्ता खेळला नाही."

"विसरून सही केली असेल दु:खात," लव्हॉन म्हणाली.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासणारी बाई विसरते होय?"

मी पैसे द्यायला गेले. लव्हॉन सुटे मोजता मोजता सहज म्हणाली, "तुमच्याकडे मतं किती गं? दोन ना?"

"दोन," मी म्हटलं.

"हो. दोनच," ती म्हणाली, आणि मी नजर उचलेपर्यंत तिने गल्ला लावला होता.

घरी येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यावर राग धरून गायी कुठे विणार त्यांच्या?" बोलले हसत, पण त्या रविवारी चर्चच्या जेवणाला आम्ही दोघं जरा लवकर निघालो, मांडामांडीला हात लावायला.

आठवड्याने डेल्मरने जिल्ह्याला लेखी तक्रार केली. आर्लिसला केंद्रावरच्या कामातून तूर्त बाजूला केल्याचं पत्र आलं. आणि आता हा ब्रेंट, ऑर्विनचे मोजे घालून टेबलापाशी बसला होता.

आर्लिसने त्याच्यापुढे कॉफी आणि गरम लेफ्सा ठेवली. त्याने एक घास खाल्ला आणि खिशातून कागद काढला.

"मिसेस ट्वेट, मी नोंद बघितली. ऑर्विनची मतपत्रिका आमच्याकडे परत आलेलीच नाही. मला ठाऊक आहे तुम्ही काही केलेलं नाही."

"मलाही ठाऊक आहे."

"पण नुसती नोंद दाखवली तर लोक म्हणतील, कागद काय, कचेरीत बसून कसाही बनवता येतो. ती मतपत्रिका आहे का अजून?"

आर्लिसने टॉवेलांचा खण ओढला. घडी केलेल्या टॉवेलांखालून लांब पांढरा लिफाफा काढला आणि टेबलावर ठेवला. चिकटवलेली कड तशीच होती. वर ऑर्विनचं नाव छापलेलं.

"उघडलाच नाही त्याने," ती म्हणाली. "मी रोज म्हणायची, भरून टाक. तर म्हणे, कागदावर कसली मजा, मंगळवारी चालत जाईन. मग फेकवेना माझ्याच्याने."

ब्रेंटचा चेहरा खुलला. "झालं तर! मी याचा फोटो काढतो. बुधवारच्या साप्ताहिकात माझ्या उत्तरासोबत छापतो. डेल्मर स्वतः येऊन तुमची वाट साफ करेल बघा. जूनच्या मतदानाला तुम्ही परत तुमच्या खुर्चीवर."

त्याने फोन काढला. आर्लिसने लिफाफा उचलून पालथा केला आणि त्यावर हात ठेवला.

"आणि गुरुवारी काय होईल?" तिने विचारलं.

"गुरुवारी?"

"बुधवारी सगळ्यांना कळेल की दुसरं मत ऑर्विनचं नव्हतं. गुरुवारी विचारतील, मग कुणाचं?"

ब्रेंटने फोन टेबलावर ठेवला. माझं लाटणं थांबलं होतं, हे मला पोळपाटावरची पोळी सुकायला लागली तेव्हा कळलं.

"तुला मिस प्रिबिल आठवते का?" तिने ब्रेंटला विचारलं.

"शाळेत बँड शिकवायची ती? माझ्या सगळ्यात धाकट्या भावाला होती. सोडून गेली ना?"

"त्या वर्षी आकडा तीन निघाला. ती नवीन, शहरातली, एकटी. गावाने ठरवून टाकलं. कुणी तिला वाईट बोललं नाही हं. आपल्याकडे वाईट बोलत नाहीत. फक्त तिच्या दारातला बर्फ कुणी सारला नाही. बँडच्या कार्यक्रमाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. चर्चच्या जेवणाला तिने घरून आणलेल्या भांड्यात कुणी चमचा घातला नाही. भरलेलं आणायची, भरलेलं न्यायची." आर्लिसने त्याचा कप भरला. "ब्रेंट, त्या मंगळवारी ती मत द्यायला आलीच नव्हती. तापाने पडली होती. सह्यांची वही माझ्यासमोर होती. तिच्या नावापुढे सही नाही."

आठ वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं.

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलणार होते? 'ही नाही, दुसरं कुणीतरी'? मग वहीतलं पुढचं नाव काढलं असतं, मग त्याच्या पुढचं. मी म्हटलं, बर्फ वितळेपर्यंत विसरतील. नाही विसरले. मे महिन्यात ती सामान भरून निघाली तेव्हा मला म्हणाली, 'मिसेस ट्वेट, माझं काय चुकलं?' मी तिला बिस्किटांचा डबा दिला." तिने लिफाफ्यावरचं पीठ बोटाने झटकलं. "प्रवासात खायला."

तव्यावरची पोळी मी उलटली.

"तेव्हा मी दुसरीच्या जिवावर गप्प बसले," आर्लिस म्हणाली. "या वेळी माझ्या जिवावर बसते. मी चौऱ्याहत्तर वर्षांची, घर माझं, आणि मला काय म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं. दुसरं कुणी असेल ते कदाचित तरुण असेल. त्याला इथे राहायचं असेल."

"पण कोण आहे ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

"नाही. आणि तू मला ओळखतोस, मी ओळखायचा प्रयत्नही केलेला नाही. लोकांची तोंडं बघून मत ओळखायचं ठरवलं असतं तर एकतीस वर्षं त्या टेबलावर बसण्याची माझी लायकी नव्हती."

हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आधीही पाहिलं नव्हतं. त्या मंगळवारनंतर ती रोज भेटत होती, आणि एकदाही तिने, डोळ्यांनीसुद्धा, मला विचारलं नाही. म्हणून ते मत माझं होतं की नव्हतं, हे मीही इथे लिहिणार नाही.

ब्रेंटने कपाळ चोळलं. "मिसेस ट्वेट, तक्रारीला उत्तर तर द्यावंच लागेल. फार तर 'चौकशीत दोष आढळला नाही' एवढं एक वाक्य लिहिता येईल. पण ते वाचून लोक म्हणतील, दाबलं. आणि डेल्मरने येऊन नोंद बघायला मागितली तर मला लपवता येणार नाही."

"तो नाही मागणार. त्याला उत्तर सापडलंय. उत्तर सापडलेला माणूस वही उघडत नाही."

"तो तुमच्याशी बोलणार नाही कदाचित. कायमचा."

आता तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. खिडकीबाहेर डेल्मरचा ट्रॅक्टर परतीच्या वाटेवर होता. घरासमोरून जाताना तो थोडा मंदावला, असं मला वाटलं. की वळणामुळे असेल. डेल्मरने मान वळवली नाही.

"गुरुवारी दुपारी अजून पत्ते काढून ठेवते मी," ती म्हणाली. "सवय." मग टेबलावरचं पीठ पुसत, "ऑर्विनबद्दल त्याला राग आला, याचं मला वाईट वाटत नाही. रागावलाच नसता तर वाटलं असतं."

ब्रेंटने कागदाची घडी घातली. "आणि तुमची खुर्ची? निळ्यांकडून बसायला दुसरं माणूस आणू कुठून मी नॉर्डलमध्ये?"

"गावातून कुणाला विचारू नकोस. 'हो' म्हणायला कुणी पुढे आलं की दुसरं मत त्याचंच धरतील. तालुक्याहून आण कुणीतरी. येईल तिला सांग, हॉलचं डावीकडचं हीटर चालत नाही, पायात जाड मोजे घाल."

लिफाफा तिने उचलून पुन्हा टॉवेलांखाली ठेवला. खण लावला. चार गरम लेफ्सा कापडात गुंडाळून ब्रेंटच्या हातात दिल्या. तो उठला. मोजे काढू लागला, तर तिने हातानेच नको म्हटलं.

दाराशी तो घुटमळला. टोपी हातातच.

"मला असं रिकामं जाववत नाही, मिसेस ट्वेट. तुमच्यासाठी मी काहीच करू शकत नाही का?"

आर्लिसने थोडा विचार केला. एकतीस वर्षं हॉलच्या दारावर चिठ्ठी चिकटवताना तिच्या मनात हे असेल की आत्ताच आलं, मला सांगता येणार नाही. ती सरळ उभी राहिली, आणि ज्या आवाजात चिठ्ठी वाचायची त्याच आवाजात म्हणाली,

"पुढच्या वेळेपासून नॉर्डलचा आकडा दारावर वेगळा लावू नकोस. शेजारच्या गावाच्या आकड्यात मिळव, आणि मग लाव."